गेम कंपन्यांचे नको असलेले मेल कसे थांबवायचे? आणि कोणते थांबवू नयेत?

रात्री साडेअकराला फोन वाजतो. कुणाचा तरी महत्त्वाचा मेल असेल म्हणून उघडून बघावं, तर आत लिहिलेलं असतं: "आम्हाला तुमची आठवण येते! परत या आणि ५०० नाणी मोफत मिळवा." जो गेम आपण वर्षभरापूर्वी फोनमधून काढून टाकला, त्याला आता आपली आठवण येतेय!

असे मेल तुम्हालाही येत असतील. ते कसे थांबवायचे ते आज बघूया. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी हॉस्टेलवर एक ऑनलाइन गेम खेळायचो. कंपनीचे रोज दोन-तीन मेल यायचे. एकदा वैतागून जीमेलमध्ये फिल्टर लावला, की या कंपनीकडून जे काही येईल ते थेट ट्रॅशमध्ये जाऊ दे. इनबॉक्स एकदम स्वच्छ झाला. मीही खूश. चार-पाच महिन्यांनी परीक्षा संपल्यावर गेम उघडला, तर पासवर्डच चालेना. अकाउंट दुसऱ्याच कुणीतरी ताब्यात घेतलं होतं. नवीन फोनवरून लॉगिन झाल्याचा इशारा कंपनीने मेलवर पाठवलाही होता. पण माझ्याच फिल्टरने तो ट्रॅशमध्ये टाकला आणि ३० दिवसांनी जीमेलने तो कायमचा काढून टाकला. अकरावीपासून खेळून जमवलेलं सगळं गेलं.

तेव्हा कळलं, की जाहिरातींच्या ढिगात एखादा कामाचा मेलही असतो. ढीग उपसायचाच, पण तो मेल वाचवून.

मेलचे तीन प्रकार ओळखा

जाहिरातीचे मेल: नवीन सीझन, सेल, मोफत नाणी, "परत या" वगैरे. हे बिनधास्त बंद करा.

कामाचे मेल: ओटीपी, पासवर्ड बदलल्याची सूचना, नवीन ठिकाणाहून लॉगिन, खरेदीची पावती. हे कधीही बंद करू नका.

खोटे मेल: कंपनीचा लोगो लावून भामट्यांनी पाठवलेले. "तुमचं अकाउंट २४ तासांत बंद होईल, इथे क्लिक करा" अशी घाई करणारे. यातली कुठलीही लिंक दाबायची नाही, अगदी अनसबस्क्राइबची सुद्धा. सरळ 'रिपोर्ट स्पॅम' करा.

एवढे मेल येतात तरी कशाला?

मोफत गेम डाउनलोड करणारे बरेच जण थोड्याच दिवसांत खेळणं सोडतात. नवा खेळाडू आणायचा तर कंपनीला जाहिरातीवर पैसे मोजावे लागतात. जुन्याचा ईमेल पत्ता मात्र हाताशी असतोच, आणि एक मेल पाठवायचा खर्च जवळपास शून्य. त्यामुळे "सात दिवस लॉगिन नाही? मग हा मेल जाऊ दे" असे नियम सिस्टीममध्ये आधीच लिहून ठेवलेले असतात. तुमची आठवण कुणा माणसाला येत नसते, प्रोग्रॅमला येते!

ही युक्ती जुनीच आहे. १९७८ मध्ये गॅरी थर्क या अमेरिकन मार्केटिंगवाल्याने आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तो पहिला स्पॅम मेल मानला जातो.

आणखी एक गंमत. बऱ्याच जाहिरातींच्या मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक छोटंसं चित्र असतं. तुम्ही मेल उघडला की ते चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि मेल उघडल्याचं कंपनीला कळतं. हे टाळायचं असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय निवडा.

आता थांबवूया

१. जीमेलचं स्वतःचं अनसबस्क्राइब बटण वापरा. ते मेलच्या वरच्या बाजूला, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ दिसतं. दिसलं नाही तर तीन ठिपक्यांच्या मेनूत बघा. जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना गुगलने २०२४ पासून नियम घातला आहे: जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडायची सोय द्या आणि विनंती दोन दिवसांत पूर्ण करा. शिवाय जुलै २०२५ पासून जीमेलच्या मेनूमध्ये 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' हा भाग यायला लागला आहे. तिथे सगळे पाठवणारे एकाच यादीत दिसतात.

२. गेमच्या अकाउंटमध्येही जा. अनसबस्क्राइब केलं तरी मेल येतच राहतात, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. कारण कंपनीकडे एकापेक्षा जास्त याद्या असू शकतात: या गेमची एक, कंपनीच्या बाकी गेम्सची दुसरी, ऑफर्सची तिसरी. तुम्ही एकीतून नाव काढता आणि दुसरी चालूच राहते. म्हणून अकाउंटच्या सेटिंगमधले ईमेलचे पर्याय एकदा तपासा. स्टीमवर तर विशलिस्टमधला गेम सेलमध्ये आला की मेल येतो. तो हवा असेल तर ठेवा, बाकीचे बंद करा.

३. खऱ्या कंपनीच्या मेलला रागाने स्पॅम ठरवू नका. पुढे त्याच कंपनीचा ओटीपीसुद्धा स्पॅममध्ये जाऊन बसू शकतो. अनसबस्क्राइब करूनही ती ऐकत नसेल, तरच हा उपाय करा.

४. फिल्टर लावाच, पण माझ्यासारखा नको. मेल डिलीट करण्याऐवजी 'गेम' नावाच्या लेबलखाली जाऊ द्या. फिल्टर जीमेलच्या अ‍ॅपमध्ये बनवता येत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरवर जीमेल उघडावं लागतं.

५. नवीन गेमसाठी पत्त्याला शेपूट जोडा. तुमचा पत्ता नाव@जीमेल.कॉम असेल तर गेमला नाव+गेम@जीमेल.कॉम असा द्या. मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येईल, पण कुणाला दिलेला पत्ता आहे ते लगेच कळेल. काही साइट्स अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथे मात्र हे चालणार नाही.

६. गेम कायमचा सोडलाय? मग अकाउंटही डिलीट करा. अ‍ॅप काढल्याने अकाउंट जात नाही आणि अनसबस्क्राइब केल्यानेही जात नाही. तुमची माहिती तिथेच पडून राहते. २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमधून सुमारे ७ कोटी ७० लाख अकाउंट्सची माहिती चोरीला गेली होती. वर्षानुवर्षं न वापरलेलं अकाउंटही अशा चोरीत सापडू शकतं.

कायदा काय म्हणतो?

डीएनडीसाठी आपण १९०९ वापरतो, पण ते फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे, ईमेलसाठी नाही. ईमेलच्या बाबतीत कामाला येईल तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यानुसार दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायलाही यात मनाई आहे. म्हणून साइन-अप करताना जन्मतारीख खरी टाका. वय वाढवून सांगितलं तर हे संरक्षण आपणच घालवतो.

आज पाच मिनिटं काढा. जीमेलमध्ये तुमच्या जुन्या गेमचं नाव शोधा. जाहिराती बंद करा आणि त्यात कुठे "नवीन लॉगिन" असा मेल न वाचलेला पडलाय का, तेही बघा. सापडला तर गेमचं अ‍ॅप किंवा साइट स्वतः उघडून आधी पासवर्ड बदला. बाकीची साफसफाई नंतर!