मांडीवरचे मूल आणि धावती मोटार

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्णपणे सुरू झाली, परंतु आपल्या मंडणगड तालुक्याला तिचे रूळ लागले नाहीत. शिमग्याला, गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुटीत घरी येणारा मनुष्य माणगावला अथवा खेडला उतरला, तरी पुढची वाट त्याला रस्त्यानेच काढावी लागते. अलीकडे पुष्कळ मंडळी थेट मुंबईहूनच मोटार काढतात. लोणेरे फाट्याला महामार्ग सोडावा, गोरेगाव-आंबेत करीत सावित्री ओलांडावी आणि म्हाप्रळहून वळणे घेत वर चढावे. अशा मोटारीत पुढच्या सीटवर, आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर, एखादे तान्हे मूल हटकून असते. आज बोलायचे आहे ते त्या मुलाविषयी.

आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, असे आपण मानतो. घरात ते खरेच आहे. धावत्या मोटारीत मात्र हिशेब निराळा होतो, आणि तो शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाचाच आहे. ताशी 50 किलोमीटर हा काही फार मोठा वेग नव्हे. तरी त्या वेगाने मोटार कशावर आदळणे म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीवरून, नारळाच्या शेंड्यावरून म्हणा ना, खाली पडण्यासारखे आहे. मोटार थांबते, आतली माणसे मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला, तर 9 किलोच्या मुलाला धरून ठेवायला सव्वाशे किलोचा जोर लागतो. म्हणजे तांदळाची अडीच पोती! ती क्षणार्धात झेलील असा हात कोणत्या आईला आहे? येथे मायेचा प्रश्नच नाही, स्नायूंचा आहे.

कोणी म्हणेल, आई पट्टा बांधून बसली तर? तर आई वाचेल आणि मूल हातातून सुटेल. दोघांवरून मिळून एकच पट्टा घेतला तर त्याहून वाईट, कारण आईच्या अंगाचा सारा भार पट्ट्याच्या आणि तिच्यामध्ये सापडलेल्या मुलावर येतो. शिवाय पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. ती डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते, आणि तिची रचना मोठ्या माणसाची छाती गृहीत धरून केलेली असते.

यावर तोड स्वीडनमध्ये निघाली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन बसतात, हे पाहून बर्टिल आल्डमन या संशोधकाने मुलाला मागे तोंड करून बसवणारी सीट तयार केली; 1964 मध्ये तिची चाचणी झाली. तान्ह्याचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा भाग असते आणि मान अगदी कोवळी. मागे तोंड असले म्हणजे समोरून बसलेला धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो आणि मान वाचते. युरोपातील नव्या नियमाप्रमाणे निदान 15 महिन्यांपर्यंत मुलाला असेच बसवतात. त्याहून अधिक काळ बसवले तर उत्तमच. ही सीट मोटारीच्या मागच्या बाजूला घट्ट बांधावी. आपल्याकडेही 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने 14 वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा अशा सीटने बांधणे आवश्यक केले असून, न बांधल्यास 1000 रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीने का होईना, सीट घेतली जावी. बारशाला सोन्याचा बदाम देणाऱ्या आजोबांनी त्याऐवजी ही सीट दिली, तर मी त्यांना अधिक शहाणे म्हणेन.

मूल रडते, बांधून घेत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय थांबण्याचा. दर दीड-दोन तासांनी मोटार उभी करावी, मुलाला बाहेर काढून मोकळे करावे आणि दूधही तेव्हाच पाजावे. सहा महिन्यांच्या आतील मुलाला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईचे दूध पुरते. पाणी आईने भरपूर प्यावे.

घाटात गाडी लागते ती बहुधा दोन वर्षांपुढच्या मुलांना. कान म्हणतो आपण हलतो आहोत, आणि डोळा हातातल्या मोबाइलवर खिळलेला असला की म्हणतो आपण स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळते. मोबाइल काढून घ्यावा, काच थोडी उघडावी, दूरचा डोंगर दाखवावा. निघताना भरपेट जेवण नको.

राहिली उभ्या मोटारीची गोष्ट. उन्हात बंद मोटार पहिल्या दहा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा सुमारे 10 अंशांनी तापते, आणि लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. झोपले आहे म्हणून मुलाला आत ठेवून कोणी नारळ घ्यायलाही उतरू नये. घरी पोचल्यावर सामान उतरवून झाले की मागची सीट एकदा पाहावी आणि मोटारीला कुलूप लावावे. सुटीत लपंडाव खेळणारी मुले उघड्या मोटारीत शिरतात, आणि आतून दार उघडता न आल्याने गुदमरून गेल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. किल्ली खुंटीवर असावी, आणि खुंटी उंच.