धारक भिंतीतील भेगांचे नियंत्रण

मराठीत भांड्याला जातो तो तडा आणि उन्हाने वाळलेल्या जमिनीला पडते ती भेग. पहिल्या शब्दाने आघात वा भार सूचित होतो, दुसऱ्याने आकुंचन. मातीचा रेटा अडविणाऱ्या प्रबलित काँक्रीटच्या धारक भिंतीवर पायथ्याजवळून वर चढलेल्या ज्या उभ्या रेषा दिसतात, त्या बहुधा या अर्थाने भेगाच होत. मातीच्या रेट्याने भिंत वाकल्यास जाणारे तडे आडवे असतात आणि ते तळाशी, मातीकडील अंगास जातात.

भेगांचे कारण बांधणीच्या क्रमात आहे. पायथा घट्ट झाल्यावर त्यावर भिंत ओतली जाते. सिमेंट व पाणी यांच्या संयोगाने ती तापते, काही दिवसांत निवते आणि पुढे कित्येक महिने वाळत राहते. निवताना व वाळताना ती आखडू पाहते. पायथा तिला आखडू देत नाही. काँक्रीटचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरले की ते दर मीटरला सुमारे ०.०१ मिलिमीटर आखडते. म्हणजे दहा मीटर लांबीची मोकळी भिंत तीस अंश निवल्यास तीन मिलिमीटरने आखूड होईल. ताण सोसण्याची काँक्रीटची शक्ती अल्प असल्याने या अडलेल्या आकुंचनाचा मोठा भाग भेगांच्या रूपाने प्रकट होतो.

रेट्याच्या गणिताने ठरतात त्या सळया उभ्या. उभ्या भेगेला आवळून धरते ती मात्र आडवी सळई. ती गौण मानणे हीच मुख्य चूक होय. लोखंड अपुरे असल्यास पहिल्याच भेगेपाशी सळई ताणली जाते व सारे आकुंचन तेथे एकवटते. ते पुरेसे असल्यास अनेक बारीक भेगा पडतात. आय. एस. ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार १६ मिलिमीटरपर्यंतच्या पिळाच्या सळया वापरल्यास आडव्या लोखंडाचे किमान प्रमाण छेदाच्या ०.२० टक्के आहे. लांब भिंतीस ते अपुरे पडू शकते. सळईची जाडीही महत्त्वाची. १६ मिलिमीटरच्या नऊ आणि १२ मिलिमीटरच्या सोळा सळयांतील लोखंड सारखेच. पण दुसऱ्या योजनेत काँक्रीटशी चिकटणारा पृष्ठभाग एकतृतीयांशाने वाढतो व भेगा बारीक होतात.

सतत ओल्या मातीशी संबंध असणाऱ्या भागात भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आत असावी, असे तेच मानक सांगते. रुंद भेगेतून पाणी सळईपर्यंत पोचून तिला गंज चढतो. म्हणून सळयांच्या जोडीने ठरावीक अंतरावर आकुंचन-सांधे, माथ्यापर्यंत पाणी साचू न देणारी निचऱ्याची छिद्रे आणि साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस पाणी मारणे, ही तिन्ही आवश्यक ठरतात. भेग पूर्णपणे टाळणे बहुधा साध्य नसते. ती किती रुंद व्हावी, हे मात्र भिंत ओतण्यापूर्वीच ठरविता येते.