विश्लेषण : पहिल्या छोट्या गाडीत १५ हजारांत कोणते बदल करावेत? कोणते महागात पडतील?

चेंबूरच्या सोसायट्यांमध्ये घरातली पहिली गाडी अनेकदा छोटीच येते. स्विफ्ट, वॅगनआर, आय१०, टियागो. कधी शोरूममधून घेतलेले बेस व्हेरियंट, तर कधी पाच-सहा वर्षे वापरलेली सेकंड हँड. गाडीची पूजा झाली की पुढचा रविवार अॅक्सेसरीजच्या दुकानात जातो. कुर्ल्याचा सीएसटी रोड इथून जवळ आहे आणि तिथे रुंद टायरपासून रंगीत एलईडी पट्ट्यांपर्यंत सगळे मिळते. मात्र दुकानात विकले जाते ते सगळे रस्त्यावर चालतेच असे नाही. एका चुकीच्या बदलाची किंमत दंड, अडकलेला विमा दावा किंवा जळालेले वायरिंग अशी असू शकते. मग कमी खर्चात नेमके काय करावे आणि कशाला हात लावू नये?

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादक कंपनीने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात म्हणजे आरसीमध्ये नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन, इंधनाचा प्रकार, बॉडी, आसनक्षमता हे सगळे त्यात येते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पक्की केली.

त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यातील कलम १८२ अ बदलले. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सीएनजी किट बसवायचे असेल किंवा गाडीचा रंग बदलायचा असेल, तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. संपूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे रॅप चढवतानाही हे लक्षात ठेवावे. चेंबूरच्या एमएच-०३ गाड्यांसाठी हे कार्यालय वडाळ्याला आहे.

कोणता बदल सुरक्षित, हे नवख्याने कसे ओळखावे?

एक सोपी कसोटी आहे. तुमच्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटमध्ये कंपनी ती वस्तू देते का, हे पाहा. देत असेल, तर त्या वस्तूसाठी बंपरमध्ये जागा, वायरिंगमध्ये कपलर आणि फ्यूजबॉक्समध्ये खाच अनेकदा आधीच असते. बेस व्हेरियंटच्या बंपरवर फॉग लॅम्पच्या जागी प्लॅस्टिकचे झाकण दिसते ते त्यामुळेच. वरच्या व्हेरियंटचा मूळ सुटा भाग थोडा महाग पडतो, पण तो त्या गाडीसाठी तपासलेला असतो. कंपनी ज्या वस्तूच्या जवळपासही जात नाही, तिथे आधी कायदा पाहावा आणि मगच पाकीट उघडावे.

पहिले पैसे कशावर खर्च करावेत?

चालकाला नीट दिसेल अशा गोष्टींवर. जुन्या गाडीच्या हेडलाइटची काच खरे तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते. उन्हाने ती पिवळट आणि धुरकट होते आणि बल्ब चांगला असूनही प्रकाश रस्त्यावर पोहोचत नाही. नवे दिवे घेण्याआधी लेन्स पॉलिश करून घ्यावी आणि त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर द्यावा. सोबत वायपरच्या रबरांची नवी जोडी घ्यावी. जूनच्या पहिल्या सरीत सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर टँकरच्या मागे गाडी चालवताना या दोन गोष्टींची किंमत कळते.

तिसरी वस्तू केबिन फिल्टर. एसीतून आत येणारी हवा गाळणारा हा कागदी फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही बेस व्हेरियंटमध्ये त्याची खाच असते, पण फिल्टर नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत नाव आलेल्या चेंबूरमध्ये हा खर्च सार्थकी लागतो. साधा फिल्टर धूळ अडवतो. वास कमी करायचा असेल तर अॅक्टिव्हेटेड कार्बनचा थर असलेला घ्यावा.

जास्त वॅटचा बल्ब म्हणजे जास्त चांगला प्रकाश?

छोट्या गाड्यांमध्ये सर्रास आढळणारा एच४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. दुकानात त्याच आकाराचा १००/९० वॅटचा बल्बही मिळतो. हिशेब साधा आहे : १२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर वीज घेतात, तर १०० वॅटचे दोन बल्ब जवळपास १७. मूळ वायर, स्विच आणि होल्डर एवढ्या भारासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो. वेगळे रिले किट लावले तर वायरिंगवरचा ताण कमी होतो, पण समोरच्याच्या डोळ्यांवर येणारी तिरीप कमी होत नाही.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवल्यानेही हाच प्रश्न येतो. तो रिफ्लेक्टर बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीची चिप वेगळ्या आकाराची असल्याने प्रकाश विखुरतो. गाडीत बसलेल्याला उजेड वाढल्यासारखे वाटते, समोरच्या दुचाकीस्वाराला मात्र क्षणभर काहीच दिसत नाही. त्यामुळे नवख्याने चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच बल्ब घ्यावा आणि हेडलाइटचा कोन गॅरेजमध्ये तपासून घ्यावा.

टायर किती मोठे घालता येतील?

इथेही वरच्या व्हेरियंटची कसोटी कामी येते. मारुती स्विफ्टच्या तिसऱ्या पिढीत खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४, तर वरच्याला १८५/६५ आर१५ टायर होते. पहिल्याचा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. फरक अर्धा टक्काही नाही. रिम मोठी झाली तेवढी टायरची भिंत लहान झाली. त्याऐवजी १९५/६५ आर१५ घातला तर व्यास ६३४.५ मिलिमीटरवर जातो. स्पीडोमीटरची नोंद जवळपास अडीच टक्क्यांनी मागे राहते, स्टीअरिंग जड होते आणि मायलेजही घटते.

आकाराइतकाच टायरवरील भारक्षमतेचा आणि वेगमर्यादेचा निर्देशांक महत्त्वाचा आहे. तो मूळ टायरपेक्षा कमी नसावा. सेकंड हँड गाडीत टायरचे वयही पाहावे. टायरच्या भिंतीवरील चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. टायर जुने आणि कडक झाले असतील, तर बाकी सगळी खरेदी थांबवून आधी टायर बदलावेत.

पार्किंग सेन्सर आणि डॅशकॅम कसे बसवावेत?

१ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. त्याआधीच्या गाडीत ते बाहेरून बसवता येतात. खांबांमधून गाडी काढावी लागणाऱ्या सोसायटीत आणि गाडीमागे खेळणाऱ्या मुलांसाठी हा सर्वात उपयोगी बदल आहे. चारही सेन्सर सारख्या उंचीवर आणि जमिनीपासून पुरेसे वर बसवावेत, नाहीतर गाडी मागे घेताना बझर विनाकारण वाजत राहतो.

डॅशकॅम आरशाच्या मागे, चालकाच्या नजरेत न येईल असा लावावा. त्याची वीज १२ व्होल्टच्या सॉकेटमधून घेणे नवख्यासाठी सर्वात सोपे. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवे असेल तर बॅटरीचा विचार करावा. कॅमेरा ०.३ अँपिअर घेत असेल तर ४८ तासांत सुमारे १४ अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी हे बरेच झाले. त्यामुळे व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर वीज तोडणारे किट वापरावे.

कोणतेही विजेचे उपकरण बसवताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगाव्यात. मूळ वायर कापायची नाही, कपलर वापरायचा. नव्या वायरला स्वतंत्र फ्यूज हवा आणि तो वीज घेतो त्या टोकाजवळ हवा. जोड फक्त चिकटपट्टीने गुंडाळायचा नाही. पोस्टल कॉलनीसारख्या सखल भागात पावसाचे पाणी साचते. असा उघडा जोड तिथे एका पावसाळ्यात गंजतो. शिवाय कापलेली वायर दिसली की कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते.

मॅट आणि सीट कव्हरमध्ये काय धोका?

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती. अॅक्सिलरेटर तिच्यात अडकला आणि एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर टोयोटाने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या बाजूची मॅट काढून ठेवण्यास सांगितले. त्यामुळे मॅट आपल्याच मॉडेलच्या मापाची आणि जमिनीवरील हुकमध्ये अडकणारी घ्यावी. जुन्या मॅटवर नवी टाकू नये. नव्या छोट्या गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत असतात. सगळीकडून घट्ट शिवलेले कव्हर त्यांना अडवू शकते. सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर त्या बाजूला मोकळी शिवण असलेलेच कव्हर घ्यावे.

काय टाळावे?

काळी फिल्म : सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचांवर फिल्म लावण्यास मनाई केली. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. नियमांत नंतर झालेल्या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला मुभा दिली. तरी मुंबईत नवख्याने या वादात न पडता गाडी उभी असताना लावायचा सनशेड घेणे बरे.

बुलबार : पुढे लावलेला लोखंडी गार्ड धडकेचा जोर थेट चॅसीकडे नेतो. त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो आणि पादचाऱ्याची इजा वाढते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना याविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले होते.

आवाज करणारा सायलेन्सर, सुरावटीचा हॉर्न : आवाज आणि हवेच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

विमा कंपनीला कळवावे लागते का?

हो. कंपनीच्या किमतीत न धरलेल्या विजेच्या उपकरणांसाठी मोटर विम्यात आयएमटी-२४ हे स्वतंत्र कलम आहे. भारतीय मोटर टॅरिफनुसार त्याचा जादा हप्ता उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के. म्हणजे ५ हजारांच्या कॅमेऱ्याला वर्षाला २०० रुपये अधिक कर. पॉलिसीत नोंद नसेल तर अपघातात त्या वस्तूची भरपाई मिळत नाही आणि वायरिंगला आग लागली तर पूर्ण दाव्यावरच प्रश्न उभा राहतो.

१५ हजारांचा हिशेब कसा बसतो?

बाजारातील अंदाजे दर असे : लेन्स पॉलिश ५०० ते १,०००, वायपर ४०० ते ९००, केबिन फिल्टर ३०० ते ७००, बल्बची जोडी ३०० ते ८००, पार्किंग सेन्सर १,५०० ते २,५००, डॅशकॅम ३,००० ते ६,००० आणि मॅट १,५०० ते ३,०००. एकूण साडेसात ते १५ हजार. टायर यात धरलेले नाहीत. सगळे एकाच दिवशी घेण्याची गरज नाही, याच क्रमाने महिन्याला एक वस्तू घेतली तरी चालते. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल घ्यावे आणि कोणती वायर कुठून नेली याचा फोटो काढून ठेवावा. पुढे बिघाड झाला तर मेकॅनिकला आणि दावा करायची वेळ आली तर विमा कंपनीला तोच दाखवता येतो.