गर्भाचा पहिला आधार

पाथर्डीकडच्या एक सासूबाई मागे सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. दीड महिन्याचा गर्भ पडला होता. निदान त्यांनी घरीच केले होते. "डॉक्टर, नको म्हणत असताना हिने पाण्याचा हंडा उचलला." सून खाली मान घालून बसली होती. त्या दोघींना जे सांगितले, तेच आज वाचकांना सांगतो.

गर्भ म्हणजे आरंभी एकच पेशी. तिच्या दोन, चार, आठ अशा पेशी होतात आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो इवलासा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. त्याच सुमारास पेशींचे थर लागू लागतात. मिस्त्री विटांच्या थराखाली गारा पसरतो, तसे पेशी स्वतःच आपल्याखाली अतिशय पातळ पटल विणतात. त्याला आधारपटल म्हणतात. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजन ही त्यातील मुख्य प्रथिने. या पटलाच्या आधारानेच पेशी ओळीत राहतात आणि आपापले काम शिकतात.

शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये लॅमिनिनचा आवश्यक भाग बनवणारे जनुक काढून टाकले, तेव्हा आधारपटल तयारच झाले नाही. गर्भ रुजता रुजताच नष्ट झाले. हे संशोधन १९९९ सालचे. २००४ साली कोलॅजनबाबत असेच दिसले. पटल झाले, पण वाढत्या गर्भाचा ताण त्याला सोसला नाही. अकराव्या दिवसाच्या आसपास ते गर्भ गेले. यात उंदरिणीचा काय दोष?

माणसात प्रत्येक गर्भपात या पटलामुळेच होतो असे नव्हे. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास प्रकरणांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. अशा उपचारांत आजही तज्ज्ञांनी निवडून गर्भाशयात ठेवलेला गर्भ दर वेळी रुजतोच असे नाही. तेथे कोणी हंडा उचललेला नसतो.

आपल्या हाती काय आहे? मूल हवे असेल तर आधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. मिश्री, तंबाखू बंद करावी. रक्तातील साखर तपासून घ्यावी. अंगावरून जाऊ लागले किंवा पोटात दुखले तर घरी न थांबता डॉक्टरांना दाखवावे. लागोपाठ दोनदा गर्भ पडल्यास पती-पत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी.

गरोदर सुनेचा हंडा घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला तर चांगलेच. पण गर्भ पडलाच, तर दोष तिच्या माथी मारू नये.