एक रुपयाचा डॉक्टर विधानसभेत



ऊस पिवळा पडला की आपण आधी युरियाचं पोतं उचलतो. पण बेटाला हात घातला आणि ते अलगद उपटून आलं, तर दोष खताचा नाही; खाली हुमणीनं मुळं खाल्लेली असतात. माणसाच्या दुखण्याचंही असंच आहे. दुखणं अंगावर दिसतं, पण घर बसतं ते खर्चानं. या मुळाशी हात घालणाऱ्या एका डॉक्टरची ही माहिती.

डॉ. वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचा जन्म ८ जुलै १९४९ चा, आंध्रातील कडप्पा जिल्ह्यातला. मुलूख रायलसीमेचा, आपल्या माणदेशासारखा कमी पावसाचा. डॉक्टरकी ते गुलबर्ग्याला शिकले. जम्मलमडुगूच्या मिशन दवाखान्यात काही काळ काम केलं आणि १९७३ साली पुलिवेंदुला येथे वडिलांच्या नावानं ७० खाटांचं रुग्णालय काढलं. तपासणीची फी एक रुपया. म्हणून लोक त्यांना 'एक रुपयाचा डॉक्टर' म्हणू लागले. १९७८ साली तिथूनच ते आमदार झाले.

आता बघा, एक रुपयात ताप तपासता येतो, हृदयाचं ऑपरेशन होत नाही. एका डॉक्टरचा चांगुलपणा तिथं अपुरा पडतो. तिथं सरकारी तिजोरीच लागते, आणि तिची किल्ली विधानसभेत असते.

२००३ च्या कडक उन्हाळ्यात चेवेल्ल्यापासून इच्छापुरमपर्यंत सुमारे १५०० कि.मी. ते पायी फिरले. १४ मे २००४ रोजी मुख्यमंत्री झाले आणि पहिली सही शेतीपंपांच्या मोफत विजेवर केली. १५ ऑगस्ट २००५ रोजी १०८ नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली. १ एप्रिल २००७ पासून तीन जिल्ह्यांत 'आरोग्यश्री' योजना आली. तिकडं तेव्हा पांढरं रेशनकार्ड गरिबाचं असायचं. ते कार्ड असलेल्या कुटुंबाला मोठ्या आजारासाठी वर्षाला २ लाखांपर्यंत उपचार मोफत. विम्याचा हप्ता सरकार भरणार आणि पेशंटनं दवाखान्यात पैसे मोजायचे नाहीत, अशी रचना होती.

या योजनेवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. पैसा मोठ्या खाजगी रुग्णालयांकडे वळला आणि गावच्या प्राथमिक केंद्राकडे दुर्लक्ष झालं. शेंड्याला पाणी आणि बुडखा कोरडा, असं होऊन चालत नाही.

२ सप्टेंबर २००९ रोजी हेलिकॉप्टर अपघातात डॉक्टरांचं निधन झालं. पण कल्पना राहिली. २ जुलै २०१२ रोजी आपल्या राज्यात आठ जिल्ह्यांत याच धर्तीवर राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. सुरुवातीची दीड लाखाची मर्यादा पुढं ५ लाखांवर गेली.

तेव्हा घरात मोठं आजारपण आलं, तर उसाच्या बिलावर उचल काढण्याआधी किंवा सावकाराची पायरी चढण्याआधी एक करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि 'आरोग्यमित्र' कुठं बसतात ते विचारा. आपला आजार योजनेत बसतो की नाही, हे ते सांगतील. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्यानं मात्र अख्ख्या हंगामाचं बिल जाऊ शकतं.

— ऊस विकास अधिकारी