स्वस्थ बस!

मुलाच्या हातांतील खेळ काढून घ्यावा कीं त्याच्या शेजारीं बसून तो पाहावा, हा प्रश्न ज्या घरांत उत्पन्न झाला नाहीं असें घर आज विरळा. आमच्या मरोळच्या बिऱ्हाडांत तो असा कांहीं पेटला कीं, सूनबाईंनीं तें यंत्र कपाटांत कुलूपबंद करण्याचा निश्चय केला. चौतीस वर्षें शाळेंत मुलें वळविलेल्या आम्हांस त्यांचाच पक्ष रास्त वाटला. परंतु त्याच सुमारास हृदयविकाराचा झटका येऊन, धमनींत दोन स्टेंट बसवून आम्ही घरीं आलों. डॉक्टरांनीं सहा आठवडे जपून राहावयास सांगितलें आणि आमची खाट दिवाणखान्यांत पडली. चौदा वर्षांचा नातू तेथेंच खेळत असे. प्रथम निरुपायानें, मग कुतूहलानें आम्ही पाहूं लागलों.

खेळाचें नांव ‘हॉलो नाइट’. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं ‘टीम चेरी’ नांवाच्या मोजक्या माणसांच्या मंडळीनें तो रचून २०१७ सालीं प्रसिद्ध केला. भूमीच्या पोटांत किड्यांचें एक उजाड झालेलें राज्य आहे. खिळा हेंच ज्याचें खड्ग असा एक चिमुकला वीर त्यांत एकटाच उतरतो. वाट कोणी दाखवीत नाहीं. नकाशासुद्धां गुहेंत भेटणाऱ्या नकाशाकाराकडून विकत घ्यावा लागतो, आणि नव्या पाहिलेल्या जागा त्यावर उतरतात त्या वीर बाकावर टेकल्यानंतर.

आमच्या चिरंजीवांच्या बाळपणीं संगणकावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ सालचा खेळ असे. त्यांतील राजपुत्रास आरंभीं प्राणाचीं तीन चिन्हें आणि अवघीं साठ मिनिटें मिळत. शक्ति क्षीण झाली कीं कोपऱ्यांतील औषधाची शिशी शोधावी. मात्र एखाद्या शिशींत विषही असे. नातवाच्या खेळांत शिशी नाहीं. वीरापाशीं प्रथम पांच मुखवटे असतात; साध्या घावास एक जातो, जबर घावास दोन, आणि सगळे गेले कीं मरण. गेलेला मुखवटा परत मिळविण्याची युक्ति मोठी मार्मिक आहे. शत्रूवर वार लागला कीं थोडें सत्त्व वीराच्या पात्रांत जमतें. अशा तीन वारांच्या सत्त्वांत एक मुखवटा सांधतो; पात्र भरलेलें असलें तर तीन सांधतात. परंतु सांधतांना वीरानें क्षणभर अगदीं निश्चल उभें राहिलें पाहिजे. तेवढ्यांत घाव बसला तर मुखवटा मिळत नाहीं, आणि खर्चलेलें सत्त्वही फुकट जातें.

आमचा नातू हरत असे तो येथेंच. चार मुखवटे जाईपर्यंत तो नुसता तुटून पडे. एकच उरला म्हणजे घाबरून शत्रूच्या तोंडासमोरच सांधावयास उभा राही! खेळाची कळ आम्हांस दाबतां येत नाहीं. पण वर्गांत कोण केव्हां उसळणार हें ओळखण्यांत आमचा जन्म गेला. आम्ही म्हणालों, “अरे, तो राक्षस मोठी उडी मारून आपटला कीं किंचित् थबकतो. तूं त्या वेळीं वार करतोस. एकदां वार न करतां नुसता दूर हो आणि स्वस्थ उभा राहा.” त्यानें तसें केलें, आणि एक मुखवटा परत आला. दुसरा नियम त्याचा त्यानेंच केला: दोन मुखवटे गेले कीं सांधावयाची संधि शोधावयाची, शेवटच्याची वाट पाहावयाची नाहीं. तिसरा नियम बाकाचा. बाकावर बसलें कीं सर्व मुखवटे परत येतात, आणि मरण आलें तर पुनर्जन्मही त्याच बाकावर होतो. म्हणून अनोळखी प्रदेशांत शिरलें कीं धन शोधण्यापूर्वीं बाक शोधावें. मेल्या ठिकाणीं वीराची छाया त्याचें धन घेऊन थांबते. तें सोडवून आणतां येतें. मात्र वाटेंत पुन्हां मेला तर तें कायमचें गेलें. तेव्हां सूडाच्या भरांत धांवत जाणें नको.

इतकें ज्ञान दुसऱ्यास देणारे आम्ही, तिसऱ्याच आठवड्यांत बरें वाटूं लागतांच कोणास न सांगतां मरोळ नाक्याकडे एकटेच चालत निघालों. मेट्रोच्या खांबांशीं पोंचलों तोंच छाती जड झाली आणि डोळ्यांपुढें अंधारी आली. एका दुकानाच्या पायरीवर कसेबसे टेकलों. दुकानदारानें घरीं फोन केला. नातू धांवत आला. डॉक्टरांकडे नेऊन आणल्यावर, रात्रीं सगळी निजानीज झाली तेव्हां तो खाटेशीं येऊन म्हणाला, “आजोबा, एकच मुखवटा उरला असतांना तुम्ही नव्या गुहेंत शिरलांत.” त्याचे डोळे भरले होते. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

संस्कृतांत ‘स्वस्थ’ म्हणजे जो स्वतःच्या ठायीं स्थिर आहे तो. त्याच शब्दास आपण मराठींत ‘निरोगी’ म्हणतों आणि ‘न हलतां बसलेला’ असेंही म्हणतों. वर्गांत हजारों वेळां आम्हीं “स्वस्थ बस!” म्हणून दरडावलें, त्यांत औषध आहे हें आम्हांस त्या रात्रीं कळलें.

पुढें घरांत तह झाला. अभ्यासानंतर एक तास खेळ. तीनदां हरल्यास त्या दिवशीं यंत्र बंद. हें शेवटचें कलम सूनबाईंनीं नव्हे, नातवानेंच घातलें. २०२५ च्या सप्टेंबरांत निघालेला या खेळाचा दुसरा भाग, ‘सिल्कसाँग’, आतां त्यानें हातीं घेतला आहे. त्यांत एकाच वेळीं तीन मुखवटे सांधतात, पण तेवढ्यासाठीं आरंभीं फिरकीवरील सारें रेशीम खर्चीं पडतें. आम्ही सकाळीं फिरावयास जातों. ठरलेल्या बाकापर्यंतच जातों, आणि त्यावर घटकाभर बसल्यावांचून परत फिरत नाहीं.