एडिटर अडखळू लागला तर
व्हीएस कोड संथ झाला, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटू लागलं, की बरेच जण लगेच रॅम वाढवायला निघतात. ती घाई करू नये. आधी हेल्प मेनूतला प्रोसेस एक्सप्लोरर उघडावा. प्रोसेसर आणि मेमरी कोण खातंय ते तिथे दिसतं. ‘एक्स्टेन्शन होस्ट’चा आकडा सतत चढलेला असेल, तर दोष बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचा.

पण कोणत्या? एकेक बंद करून बघण्यात दिवस जातो. त्यासाठी कमांड पॅलेटमध्ये ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ आहे. मला तर ती या एडिटरमधली सगळ्यात कामाची सोय वाटते. ती निम्मी एक्स्टेन्शन बंद करते आणि विचारते, त्रास अजून आहे का? उत्तरानुसार संशयितांचे पुन्हा दोन भाग. 32 एक्स्टेन्शन असली तरी पाचेक फेऱ्यांत दोषी सापडतं.

विंडोजवर लिनक्स चालवायला डब्ल्यूएसएल 2 वापरत असाल, तर प्रोजेक्ट कुठे ठेवलाय तेही बघा. फायली सी ड्राइव्हवर आणि बिल्ड लिनक्समध्ये असेल, तर प्रत्येक फाइल वाचताना दोन फाइल सिस्टिममधली सीमा ओलांडावी लागते. नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात अशा बारीक फायली हजारोंनी असतात. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरात हलवला, की फरक लगेच जाणवतो.